जागा मर्यादित

परिषद शनिवारी संध्याकाळी आटोपली.
रात्री आठ वाजता माझ्या फोनने, मला न विचारता,
सगळ्या जगाला कळवलं :
उद्या! उद्या सकाळी नऊला! चटई उद्योग परिषद, जळगाव.
जागा मर्यादित.

चूक माझीच.
पाहुण्यांच्या सोयीने तारीख रविवारची शनिवार झाली,
तेव्हा रांगेत लावून ठेवलेल्या एकोणतीस पोस्ट
एकेक करून मी अलीकडे ओढल्या.
एक राहिली.
निवडलेल्या डाळीत राहतोच एखादा खडा.

दोन महिने हेच चाललं होतं.
लूमचा खडखडाट पुसून त्यावर सतार टाकली,
एमआयडीसीतली धूळ फिल्टर लावून केशरी केली,
ओस्तवाल शेठना अकरा वेळा
‘नमस्कार, मी आपला’ म्हणायला लावलं.
बाराव्यांदा ते वैतागले :
“पोरी, गिऱ्हाईक आधी चटईवर बसवायचो,
भाव मागून सांगायचो.
ह्या काचेत कोणाला बसवू?”

तेच रील सर्वांत जास्त चाललं.
ब्राझीलहून कोणीतरी हृदय पाठवलं.
सांगलीहून एकाने विचारलं, सतरंजी मिळेल का.

पोहोच : दोन लाख चौदा हजार.
नोंदणी : तीनशे सहा.
आलेले : एकशे ऐंशी,
त्यातले जेवणापुरते किती
हे ॲपमध्ये दिसत नाही,
भरिताचं पातेलं खरवडता खरवडता
आचाऱ्याने सांगितलं.

रविवारी हॉलवर गेले ती बॅनर सोडवायला.
खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर चढून बसलेल्या,
आणि दारात एक माणूस,
पांढरा शर्ट, बाहीवर इस्त्रीची रेघ अजून कोरी,
उन्हातून आल्यामुळे डोळे बारीक करून
आत परिषद शोधणारा.

हिलाल बडगुजर. दोंडाईचा. तीन लूम.
“रातले पाह्यं,” म्हणाला, “उद्या लिखेल व्हतं.
जागा कमी शे म्हने,
म्हनीसन पहाटनी गाडी धरी.”

चारशे रिकाम्या खुर्च्या
माझ्याकडे बघत राहिल्या.

‘तांत्रिक अडचण’ हे शब्द
सवयीने जिभेवर येऊन बसलेच होते,
तेवढ्यात त्याने खिशातून रुमाल काढला,
गाठ सोडली.
मूठभर दाणा.
पेरायचा नव्हे, प्लास्टिकचा,
जुन्या चटया वितळवून काढलेला, राखाडी.
“हाऊ वास मारस.
रंग चांगला धरस, पन वास मारस.
कोनले तरी इचारनं व्हतं.”

दोन लाख चौदा हजारांत
एवढा साधा प्रश्न
कोणी पाठवला नव्हता.

मी हुंगला. जळक्या दोरीसारखा.
उत्तर मला कुठून येणार?
कालच्या नमुन्यांतली एक चटई ओढली,
निळी, मोराची, घडी अजून कडक,
चारी कोपरे उचलून उभी राहणारी.
दोन कोपऱ्यांवर मी स्मृतिचिन्हं ठेवली, उरलेली होती.
तो बसला.
मी शेठना फोन लावला.

व्हिडिओवर नको म्हणाले.
वीस मिनिटांत स्कूटरवरून आले,
शर्टाची वरची दोन बटणं तशीच,
चपला काढल्या, मांडी घातली,
दाणा तळहातावर घेऊन बोटाने पसरला
आणि भावाच्या आधीचं ते
लांबलचक बोलणं सुरू केलं :
गाव कोणतं, लाइट किती तास, कारागीर टिकतात का,
वितळवण्याआधी माल सुकवता की तसाच टाकता.

काल एवढ्या भाषणांत
ते एकदाही असे पुढे झुकले नव्हते.

मी फोन उचलला.
चौकटीत चार गुडघे, एक रुमाल, मधे दाणा.
उजेडही बरा होता.
“ते राहू दे,” शेठ म्हणाले, “पंखा लाव आधी.”

पोस्ट काढायची राहूनच गेली.
दुपारी खाली कोणीतरी विचारलेलं दिसलं,
धरणगावहून, नावापुढे फोटो नाही :
जागा आहे का अजून?

आहे, मी लिहिलं.
चपला बाहेर काढून या.