शाईचं कुंपण

पायसांदूत दुपारी सगळं झोपतं,
नदीसुद्धा.
माझ्या औषधांच्या दुकानाचं एक दार तेवढं उघडं,
त्यातून आत आल्या दोन्या एर्मिंदा,
डावा हात अंगापासून लांब धरून,
जणू काखेत कुणी निखारा ठेवलाय.

पडद्याआड ब्लाउज वर केला तर
बरगडीवरून पाठीकडे गेलेली फोडांची रांग
आणि तिच्याभोवती काळ्या शाईचं कुंपण,
दोन्ही टोकांना एकेक क्रूस.
"सेनोबियानं काढून दिलंय.
सापाचं तोंड शेपटीला भेटलं
तर माणूस जातो म्हणे."
जिथे जिथे हा पट्टा उठतो
तिथे माणसांना सापच का दिसतो, कोण जाणे.

मी शाई पुसली नाही.
शाईनं काही बिघडत नाही, उशिरानं बिघडतं.
"कधी उठलं?"
"परवा. रविवारी, प्रार्थना संपताना."
म्हणजे तिसरा दिवस अजून मावळायचाय.
या गोळ्यांना घड्याळ कळतं, भक्ती कळत नाही.

चिठ्ठी रात्रपाळीच्या डॉक्टरची, घाईतली:
व्हॅलासायक्लोव्हिर, दिवसातून तीनदा, सात दिवस.
हात कपाटाकडे गेलासुद्धा,
मग विचारलं, आणखी काय घेता?
रक्तदाबाची पांढरी. झोपेची अर्धी.
आणि मूत्रपिंडं बरी आहेत ना?
"एक आहे."

एक?
"दुसरं उलिसेसला दिलं. माझा धाकटा.
अकरा वर्षं जगला त्यावर,
बेकरीत शेवटपर्यंत पीठ मळत होता."
डॉक्टरांना सांगितलं नाहीत?
"त्यांनी विचारलं, काही आजार आहे का.
देणं हा आजार असतो का, पोरी?"

मी फोन लावला.
त्यांच्या पर्समधून चार घड्यांचा कागद निघाला,
मार्चमधली रक्ततपासणी.
क्रिएटिनिन वाचलं, वय वाचलं, वजन वाचलं.
पलीकडे शांतता.
मग तीनाच्या दोन झाल्या
आणि तो मुलगा हळूच म्हणाला, बरं केलंत.

चाळणी थकली की
विषाणूला थोपवणारं औषधच
अंगात साठतं, डोक्यात चढतं.
मागे एक म्हातारे तीन दिवसांत
बायकोला भाडेकरू समजून
तिच्याकडे थकलेलं भाडं मागू लागले होते.
ते बरे झाले. मी झाले नाही.
तेव्हापासून विचारते.

"पाणी भरपूर प्या."
"येर्बाचा चहा चालेल?"
"येर्बा वेगळा, पाणी वेगळं."
त्या हसल्या, बरगडीनं लगेच किंमत वसूल केली.
"नातवाच्या ओठावर उन्हाळ्यात फोड येतो,
त्याला यातल्या दोन देऊ?"
"कूळ एक, घर वेगळं. त्यालाच पाठवा इकडे.
त्याच्या बायकोला कितवा?"
"चौथा."
"लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या तिला?"
"तिच्या आईला ठाऊक."
"मग कळेपर्यंत, नाहीतर खपल्या धरेपर्यंत,
तिला रस्त्यापलीकडून हात करा.
आणि बोलताना जीभ अडखळली,
घर अनोळखी वाटलं, लघवी कमी झाली,
तर सकाळची वाट बघू नका,
थेट इस्पितळात."

"साप मरेल ना?"
"मरत नाही, दोन्या.
लहानपणच्या कांजिण्यांपासून तो तिथेच आहे,
मज्जेच्या मुळाशी वेटोळं घालून.
आपण त्याला परत झोपवतोय."
त्यांनी मान हलवली,
जसं एखाद्या जुन्या शेजाऱ्याबद्दल ऐकताना हलवतात.

चौदा गोळ्या त्यांनी स्वतः मोजल्या, दोनदा.
डबीवर मी काळ्या पेनानं लिहिलं:
सकाळी आठ. रात्री आठ.
त्यांनी डबी उजेडात धरली, उलटसुलट केली.
"टोकं उघडीच ठेवलीस की," म्हणाल्या.

मी डबी परत घेतली
आणि दोन्ही बाजूंना
एकेक क्रूस काढला.