तेरावा महिना

मेकलितच्या कॅलेंडरात महिने तेरा,
पगार बारा.
शेवटचा पागुमे, पाच दिवसांचा,
त्याचं कोणी काही देत नाही.
भूक मात्र त्याही दिवसांत
हजेरीपटावर सही करून उभी.

आमच्याकडे तेराव्या महिन्याची एक म्हण आहे.
ती मी तिच्यापुढे काढली नाही.
तिच्या आईने वोलोत दुष्काळ पाहिलाय,
म्हणीतला नव्हे.

अदिस अबाबात, पियासाच्या उतारावर,
चष्म्यांच्या दुकानात ती भिंगं घासते.
तिचा हिशेबही भिंगांचाच: पाव, अर्धा, पाऊण.
"एकदम दोन नंबर वाढवले
की माणूस जिन्यावरून पडतो," ती म्हणते.
पहिल्या पगारातून शंभर बिर्र बाजूला,
तिसऱ्या महिन्यात दोनशे,
मग एका महिन्यात शून्य.
वहीत त्या महिन्यापुढे एकच शब्द: बूट.
लाल आहेत. अजून घालते.

मग ती इकुबात शिरली, म्हणजे आपली भिशीच,
फक्त चिठ्ठ्या कॉफीच्या रिकाम्या कपात.
बारा माणसं, हजार हजार बिर्र,
दर महिन्याला एकाच्या पदरात बारा हजार.
वही गाशाव आजोबांकडे.
उशीर करणाऱ्याकडे ते चष्म्यावरून पाहतात
(चष्मा मेकलितनेच घासलेला),
तेवढं व्याज पुरतं.

दुसऱ्याच महिन्यात तिची चिठ्ठी निघाली.
तिला डोळे तपासायच्या भिंगांची पेटी हवी होती,
लाकडी, जुनी, मेर्कातोच्या बाजारात हेरून ठेवलेली,
म्हणजे रविवारी शाळाशाळांत फिरता आलं असतं,
पगाराच्या शेजारी दुसरी चूल.
पण घड्याळं दुरुस्त करणारा बेरेकेत दाराशी उभा होता,
बायको इस्पितळात,
आणि तो काहीच मागत नव्हता.
मागितलं असतं तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.
तिने आपली पाळी त्याला दिली.

त्यानंतर कप तिचं नाव घेईल तर शपथ.
पाचव्याला नाही, नवव्याला नाही.
मधल्या काळात संध्याकाळी थांबून
ती नंबर काढायचं यंत्र शिकली,
मालकाने नऊशे वाढवले,
त्याच महिन्यात घरमालकिणीने पाचशे.
उरलेले चारशे तिने
उजेडात धरून पाहिले, चरा आहे का ते.

शेवटच्या चिठ्ठीला तिची पाळी आली,
तेव्हा कपात चिठ्ठी एकच होती,
तरी आजोबांनी कप रीतसर हलवला.
मी म्हटलं, नुकसान झालं तुझं.
"पहिला उचलतो ते कर्ज,
शेवटचा उचलतो ती बचत.
पैसे तेच, कप तोच."
थोड्या वेळाने, कॉफीचा दुसरा घाट उकळताना,
"झालंच की नुकसान. पेटी आता सतरा हजारांना गेलीय."

पागुमेत मी तिच्या खोलीवर गेलो.
दूध पावडरीच्या डब्यात
वर्षभर टाकलेली सुटी नाणी, चुरगळलेल्या नोटा,
बारा महिन्यांनी तेराव्याला पाठवलेला डबा.
त्यातून मसूर आली होती, कांदे, रॉकेल,
चौथ्या दिवसापर्यंत पुरलं.
पाचव्या दिवशी आम्ही माझ्याकडे जेवलो,
हे वहीत लिहू नको, म्हणाली.

नव्या वर्षाची नवी वही.
गाशाव आजोबांनी नावं विचारली.
मेकलित म्हणाली, माझ्या दोन चिठ्ठ्या.
आजोबांनी चष्मा नीट डोळ्यांवर चढवला.
"दोन हजार. दर महिन्याला. जमेल?"
ती बुटांकडे पाहत होती.
"जमेल. नाही जमलं तर सांगेन."
"दुसऱ्या चिठ्ठीवर नाव कुणाचं?"
"नाव नको," ती म्हणाली,
"पेटी लिहा."