चतुःसीमा

पूर्वेस : अँड्रोस्कॉगिन नदी.
पश्चिमेस : हॅस्किन्स यांचं जंगल, मालक परगावी.
उत्तरेस डांबरी रस्ता. दक्षिणेस दगडी कुंपण,
"जुनं" एवढंच लिहिलंय, किती ते नाही.
आणि त्याआधी कुणाची, हा रकानाच नाही फॉर्मवर.

वर्षातून एकदा येते मी, ऑक्टोबरात,
शिकाऱ्यांनी हरीण समजू नये म्हणून
नारिंगी जाकीट घालून,
आणि या चार ओळी पायांनी वाचते.

काम तसं सोपं.
कोपऱ्यातली लोखंडी सळई शोधायची,
अकरा जागी उभं राहून तेच अकरा फोटो काढायचे,
मग लिहायचं काय काय नाही.
नवा रस्ता : नाही.
मातीचा उपसा : नाही.
घरं : नाहीत.

अडतीस घरांचा नकाशा झाला होता या शेताचा,
प्रत्येकाला दोन गाड्यांचं गॅरेज.
ट्रस्टने विकत घेतली ती तीच अडतीस घरं,
बांधायच्या आधी.
आर्मां थिबोडो म्हणाला, "जन्मभर दूध विकलं.
न झालेलंही विकता येतं, कुणी बोललं नाही!"
चेकची घडी करून टोपीत ठेवली.
शेवटच्या पानावर "कायमस्वरूपी" असा शब्द होता.
अडलेल्या गाईपाशी थांबावं
तसा त्याच्यापाशी थांबला बराच वेळ,
मग विचारलं,
"आणि तुमचं ऑफिस? भाड्याचं ना ते?"

भाड्याचंच. लाँड्रीच्या वर दोन खोल्या,
जानेवारीत नळ गोठतो.
सगळं कायमस्वरूपी एका हिरव्या कपाटात,
त्याचा तिसरा खण अडकतो.
कुठे कुठे म्हणे राजे तांब्यावर कोरून देत जमीन,
चंद्र-सूर्य असेतोवर,
आणि मोडेल त्याला खाली शिवी, दगडात, चित्रासकट.
आमच्याकडे शिवी नाही.
आमच्याकडे मी आहे, आणि हे जाकीट.

आर्मां गेला. मुलगी टेक्सासात, तिला गोठा नको होता.
घरं वजा केल्यावर शेताची किंमत शेताएवढीच उरली,
म्हणून बातुला मुयाला घेता आलं,
दोन बहिणी, एक भावजय, हप्ते दहा वर्षांचे.
आता कुरणाच्या जागी पांढरा मका.
बी जुब्बाकाठचं नाही, ते वाटेतच राहिलं,
पण पेरणी तिच्या आईची : आळ्यात चार दाणे, मध्ये चवळी.
नदीकडचं गवत तेवढं जुलै सरेपर्यंत कापायचं नाही,
बोबोलिंकची घरटी असतात, करारात आहे.
"पाखरं हप्ता भरतात का?" म्हणाली होती पहिल्या वर्षी.
यंदा तिनेच काठ्या रोवून चिंध्या बांधल्यात,
ट्रॅक्टरवाल्याला दिसाव्यात म्हणून.

आज माझ्याबरोबर चालतेय. दक्षिण कोपऱ्यात सळई सापडेना.
पानं सारली, बुटाने ठोकलं, नकाशा उलटा-सुलटा धरला.
ती कुदळीवर हनुवटी टेकून बघत राहिली.
"तिकडे आमच्याकडे कागद नव्हता," म्हणाली.
"बंदुका घेऊन आले, त्यांच्याकडेही नव्हता."
मग कुदळ उचलून, मी शोधत होते त्याच्या हातभर डावीकडे
एकच घाव घातला.
टण्ण.

शेरा : द. कोपरा, सळई सहा बोटं खाली, शाबूत.
घरं : यंदाही नाहीत.
सतराव्याच्या दिवाणखान्यात ताडपत्रीवर चवळी वाळत होती,
आम्ही वळसा घालून गेलो.