काठ नसलेलं कापड

लिबेरेत्सला, नीसा नदीच्या वळणावर
गिरणी बंद पडली त्या वर्षी
ब्लाझेनाबाईंनी शेवटचा ताणा कापला
आणि कात्री एप्रनच्या खिशातच राहिली.
अजून आहे म्हणतात.

त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, आता माझं यंत्र.
चरखा नाही, चाती नाही, धोटा नाही.
सुईच्या टोकाशी एक थेंब,
त्याला तीस हजार व्होल्टचा धाक.
थेंब आधी ताणतो, टोकदार होतो,
मग धीर सुटल्यासारखा
हवेत वळवळत वाळतो
आणि समोरच्या पत्र्यावर जाऊन बसतो:
धागा.
केसाच्या शंभराव्या हिश्शाहून बारीक.
मला दिवसभर दिसतो तो नुसता पांढरेपणा,
दुधावर साय धरावी तसा.

बाईंच्या रक्तात साखर बावीस वर्षं.
मार्चमध्ये बुटात खडा गेला;
पोस्टात जाऊन आल्या, पाव घेतला, जिना चढल्या,
रात्री मोजा ओला लागला तेव्हा कळलं.
ज्या बाईला झोपेतही कळायचं
कितव्या मागावर धागा तुटला,
तिच्या तळपायानं तिला काही सांगितलं नाही.
त्याचा राग त्यांना अजून आहे,
जखमेचा नाही.

चाचणीच्या कागदावर सही केली, चष्मा न लावता.
राद्का सिस्टरनं साय चिमट्यानं उचलली.
"थांब," बाई म्हणाल्या,
दोन बोटांत धरली,
उलटी केली, उजेडाकडे नेली.
"ताणा कुठाय? बाणा कुठाय?
आणि काठ? काठ नसलेलं कापड
आमच्या तपासनिसानं तोंडावर फेकलं असतं."
मी सांगू लागलो: असंच हवं असतं,
पेशींना धरायला, चढायला,
आपल्याच मांसाची जाळी वाटावी म्हणून...
"गुंता," त्या म्हणाल्या. "मग सरळ गुंता म्हण की."

वहीत मी लिहीत गेलो.
पहिला आठवडा: पाच क्राउनच्या नाण्याएवढी.
सहावा: वाटाणा.
आठव्यात ताप, पू, गोळ्या,
डॉक्टर दाराबाहेर अंगठ्याबद्दल
हळू आवाजात बोलले.
अकरावा: मसूर.

काल बाईंचा फोन आला, सकाळी सहाला,
गिरणीच्या भोंग्याच्या वेळेला.
"खाजतंय," म्हणाल्या. "कडेकडेनं.
तुझ्या वहीत खाजेला रकाना आहे का?"
नव्हता.
पेन्सिलनं आखला,
जरा वाकडा,
समासाबाहेर.