खुलासा

प्रति, मा. अधिकारी, शालेय पोषण आहार.
विषय: अडतीस उष्मांकांबाबत.

साहेब,
नोटीस मिळाली. ताटामागे साडेचारशे हवे होते,
प्रयोगशाळेत भरले चारशे बारा.
उरलेले कुठे गेले ते तीन दिवसांत लेखी कळवावे,
म्हणून कळवते.

आधी इथेच शोधले.
पोरामागे तांदूळ शंभर ग्रॅम, डाळ वीस, तेल पाच.
मापाची वाटी भिंतीला तारेने बांधली आहे,
कुणाच्या पदराखाली जायची नाही.
वाफेतून गेले म्हणावं, तर वास
खिंडीपाड्याच्या वरच्या नळापर्यंत पोचतो,
पण तिथे कुणी अंग धरल्याचं ऐकलं नाही.

तुमच्या माणसाने नमुना वरवरचा घेतला,
प्लॅस्टिकच्या चमच्याने, नाकाला रुमाल लावून.
डाळ जड असते, साहेब. बुडाशी बसते.
आणि खरपुडी तर चौथीतली पोरं
उलथनं हिसकावून खातात.
ती कुठल्या रकान्यात?

कांदा चिरणाऱ्या मुक्ताला चार महिने मानधन नाही.
जाताना मूठभर भिजली डाळ पिशवीत नेते,
मी तेवढ्यापुरती शेगडीकडे तोंड करते.
वरच्या तीन ओळी खोडल्या आहेत. खोडलेलं धरू नये.

शेवटी गणिताच्या पाध्येबाईंना विचारलं.
त्यांनी फळ्यावर मांडलं:
पटावर दोनशे सव्वीस, गुणिले साडेचारशे.
मग मागे वळून म्हणाल्या,
द्वारकाबाई, ताटं किती लागतात?
खरं सांगितलं. दोनशे सत्तेचाळीस.
भाग गेला. चारशे अकरा, पॉइंट सात.
बाईंनी खडू ठेवला, हात झटकले,
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
(मुक्ताची मूठ पॉइंटानंतरच्या आकड्यात बसते.
हेही खोडलेलं समजावं.)

तर सापडले.
एकवीस जण आहेत.
एक जालन्याचा, जुन्या शाळेने दाखला अडवलेला.
दोघी जुळ्या, आधारवर तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या.
बाकी कुणाकुणाची धाकटी,
फाटकाच्या गजांतून ताटली आत सरकवणारी.
त्यांच्या नावाने मी दोन कळशा पाणी वाढवते.
खिचडी सैल होते. मग मीठ बघते, कोथिंबीर टाकते,
चवीच्या रजिस्टरात "उत्तम" पडतं.

साडेचारशे चूक आहे असं माझं म्हणणं नाही.
कुणीतरी बसून आमच्या पोरांची भूक मोजली,
याचं मला बरंच वाटलं होतं
तो तक्ता पहिल्यांदा भिंतीला चिकटवताना.
पुढच्या वेळी नमुना बुडापासून ढवळून घ्यावा, इतकंच.
आणि जमलं तर फाटकाशी थोडं उभं राहावं.

सोबत: डाळीच्या पावत्या तीन,
फळ्याचा फोटो एक, पुसायच्या आधीचा.

आपली,
द्वारका शिनगारे, अध्यक्ष,
रानजाई महिला बचत गट, भांडुप.

ता.क. आज दोनशे एकोणपन्नास होते.