शेहेचाळीसचं पासिंग

घोड्याची तारीख एप्रिलात संपते,
मागच्या ट्रॉलीची ऑक्टोबरात.
एकाच पिनेत अडकलेली दोघं,
पण कागद वेगळे, नंबर वेगळे,
आणि एकाचं संपलं
की दुसऱ्यालाही घरी बसावं लागतं.

कळंबोलीत, लोखंडबाजाराच्या मागच्या गल्लीत
शेठच्या ऑफिसात मी हे रजिस्टर सांभाळते.
एकवीस ट्रेलर, चार ट्रक,
तळोज्याच्या कंपनीला लावलेल्या दोन बसा.
लाल शाई म्हणजे पंधरा दिवस उरले.
मंगळवारचा स्लॉट मिळावा
तर गाडी न्हावाशेवाच्या रांगेत.
मग मोकल एजंटला फोन,
मग शेठची शिवी,
मग पुढचा मंगळवार.

आदल्या रात्री गाडी माणसात येते.
लाल-पांढरी पट्टी, इंडिकेटरचा बल्ब, वायपरला रबर,
मडगार्डचा रंग सकाळीही ओला.
आग विझवायचा डबा आमच्याकडे एकच.
तो प्रत्येकीबरोबर जाऊन येतो,
आमच्यात सगळ्यात जास्त वेळा तोच पास झालाय.

चेसिसवर कागद धरून पेन्सिल मीच घासते.
शाळेत रुपयाचं नाणं उमटवायचो
तसा गंजाखालून एकेक आकडा वर येतो.
शेहेचाळीसचा तीन मात्र
दरवर्षी आठसारखा दिसतो.

तर त्या मंगळवारी शेहेचाळीस घेऊन
निवृत्ती सांगळे गेला.
चढावर साहेब म्हणाले, हँडब्रेक ओढ, उतर खाली.
त्याने ओढला. उतरला.
आणि कुणी न सांगता, नुसत्या सवयीनं
सीटखालचा लाकडी ठोकळा काढून
चाकामागे सरकवला.

साहेब आधी हसले म्हणे.
मग म्हणाले, काढ तो.

निवृत्ती काढेना.

मोकलचा फोन आला. चिडला नव्हता.
"ताई, तुमचा मानूस जाम खरा हाय."

मी रजिस्टर मागं उलटलं.
ऑगस्टच्या पानावर, माझ्या अक्षरात:
४६ – हँडब्रेक धरत नाही म्हणतो.
आणि समोरच्या रकान्यात, तेही माझ्याच अक्षरात:
पासिंगच्या वेळी बघू.

संध्याकाळी त्याने ठोकळा टेबलावर ठेवला.
बाभळीचा, गावाहून आणलेला.
एका अंगाला टायरची नक्षी बसलेली, बोटभर खोल.
किती वेळा लावलास रे, विचारलं.
बोरघाटात, म्हणाला, आणि बोटं मोजायला लागला,
मग मोजायचंच सोडून
चहा घ्यायला गेला.

काल बावन्नच्या ड्रायव्हरचा फोन:
मॅडम, डावा आरसा तडकलाय.
तारीख पाहिली. पासिंग डिसेंबरात.
पेन हातात धरून मी तशीच बसले.
शेठ जेवायला गेले होते.
आरसा साडेनऊशेला येतो.