सरका की जरा

मिस्सा संपल्यावर हॉलमध्ये मीटिंग होती, पोहे होते.
फादर म्हणाले, आपली रविवारची उपासना
येणाऱ्याला आपलीशी वाटावी. काय करता येईल, सांगा.
बेंजामिनने स्वागताचा फ्लेक्स सुचवला.
मीनल म्हणाली, माइक बदला,
शेवटच्या बाकापर्यंत शास्त्रवाचन पोचत नाही,
नुसती खरखर पोचते.
कुणी थंड पाण्याचा जार म्हणालं. मी वहीत लिहीत होते,
बारीक, रकान्यांत.

राहेलमावशी भिंतीला टेकून चहा फुंकत होत्या.
म्हणाल्या, "नव्या माणसाला दारातून पहिलं काय दिसतंय?"
क्रूस, म्हणालं कुणी. वेदी.
मरियेचा पुतळा, परवाच रंगवलेला.
"पाठी," मावशी म्हणाल्या. "आपल्या पाठी दिसत्यात त्याला."
आणि चहा बशीत ओतला.

तेवढं वहीत लिहायचं राहिलं.

अकरा वर्षं माझी जागा ठरलेली.
डावीकडचा तिसरा बाक, पंख्याखाली.
उशीर होणार असला की लेकीबरोबर गीतांची वही पुढे पाठवते,
ती वही बसते माझ्या जागी, माझ्यासारखीच ऐसपैस.
बियाण्यांच्या कंपनीत मी उगवण मोजते:
ओल्या कागदावर शंभर दाणे, मध्ये अंतर राखून,
सातव्या दिवशी किती वर आले, किती कुजले.
अंतर राखायची खोड हाताला तिथूनच लागली,
असं स्वतःला सांगून पाहिलं.
पटलं नाही.

पुढच्या रविवारी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसले.
खरंच, पाठी.
साठ-सत्तर पाठी, कडक इस्त्रीच्या, पिन लावलेल्या पदरांच्या,
सगळ्या एकमेकींना ओळखणाऱ्या.
आणि दाराबाहेर पायरीवर, चपलांच्या शेजारी,
एक माणूस, गुडघे पोटाशी घेऊन.

"दिवाळीपासून येतोय," स्टीफन कुजबुजला.
"सळईच्या कारखान्यात हाय. तिकडचा, झारखंडचा."
दिवाळीपासून.
आज उपवासकाळाचा चौथा रविवार,
जालन्याचं ऊन पायरीवर चढलेलं,
आणि इतके महिने आम्ही
त्याच्या शेजारी चपला काढून आत येत होतो.

शांती देण्याची वेळ झाली.
पाठी हलल्या. डावीकडे हात जुळले, उजवीकडे जुळले.
मी दाराकडे वळून हात जोडले.
त्याने आधी मागे वळून पाहिलं,
आपल्यामागे कोण आहे म्हणून.
मागे लिंबाचं झाड होतं, आणि एक स्कूटी.

"अंदर आओ ना, जगह है," मी म्हटलं.
जागा नव्हती.
सहा जणांच्या बाकावर आधीच सात.
"सरका की जरा," मी शेजारणीला म्हटलं,
आणि तो शब्द कंबरेकंबरेने सरकत गेला
टोकाच्या स्टीफनपर्यंत, त्याचं अर्धं अंग हवेत.
माणूस बसला. कपड्यांना तापलेल्या लोखंडाचा वास,
मनगटावर ठिणग्यांचे जुने डाग, तिळांएवढे.
नाव अन्सेल्म केरकेट्टा.
मला ते नीट म्हणता आलं नाही. त्याने हसून पुन्हा सांगितलं,
पुन्हा नाही आलं.
ख्रिस्तप्रसादाच्या वेळचं गाणं मराठी, पण चाल त्याच्या ओळखीची.
तो आपल्या गावचे शब्द घालून गात राहिला,
आमच्यापेक्षा एक मात्रा मागे.

त्यापुढच्या रविवारी आला नाही.
पाळी बदलली असेल. किंवा आणखी काही.
फोन नंबर घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

फ्लेक्स मात्र लागला. सुस्वागतम, दोन्ही बाजूंना कबुतरं,
खाली बेंजामिनचा फोटो.
राहेलमावशी हल्ली बाकावर आडव्या बसतात,
एक हात पाठीच्या फळीवर, एक डोळा दाराकडे,
फादरांचं प्रवचन चालू असतानासुद्धा.
मान आखडंल, मी म्हटलं.
"आखडू दे. तू सरक."